ब्रोकरच्या चार्टला उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांना जुना ब्रोकर सोडून नवे ट्रेडिंग खाते उघडायचे आहे. त्यांनी दोन ऑनलाइन ब्रोकर नक्की केले आहेत. दोघांच्याही जाहिरातीत शंभराहून अधिक इंडिकेटर (भावांवरून गणिताने काढलेली, चार्टवर लावायची साधने) आहेत, दोघांकडेही ट्रेडिंगव्ह्यू या कंपनीचेच चार्ट आहेत आणि दलालीतही फारसा फरक नाही. ते शेअर घेऊन आठ-पंधरा दिवस ठेवतात, अधूनमधून इंट्राडे (एकाच दिवसात खरेदी आणि विक्री) करतात आणि ऑप्शनच्या वाटेला अजून गेलेले नाहीत. खाते उघडण्याआधी दोघांचे चार्ट कसे पारखावेत आणि मोबाईलवरचा चार्ट पुरेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सुरुवातीलाच सांगतो की इंडिकेटर मोजत बसू नका. मी २००७ पासून या व्यवहारात आहे. पहिली काही वर्षे सबब्रोकरच्या कचेरीत ओडिन या सौद्यांच्या सॉफ्टवेअरच्या टर्मिनलसमोर बसून आणि रोज संध्याकाळी घरी भावकॉपी (शेअर बाजाराने जाहीर केलेली त्या दिवसाच्या भावांची फाइल) उतरवून अ‍ॅमिब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून मी चार्ट पाहिले. इतक्या वर्षांत माझ्या रोजच्या वापरात राहिलेली साधने चार-पाचच आहेत. शंभर इंडिकेटर चार्टच्या सॉफ्टवेअरसोबत आयते येतात, त्यात ब्रोकरचे कर्तृत्व काही नसते. ब्रोकरचा खरा वाटा त्या सॉफ्टवेअरच्या खाली असतो. ट्रेडिंगव्ह्यूची चार्ट लायब्ररी दोघांनी घेतली असली, तरी तीत ओतला जाणारा भावांचा डेटा ज्याचा त्याचा स्वतंत्र असतो. गिरणी एकच असली तरी दळण ज्याचे त्याचे. त्यामुळे प्रत्यक्षात तपासायचे ते हे, की पडद्यावर दिसणारी कँडल (ठरावीक वेळेतला खुला, उच्च, नीच आणि बंद भाव दाखवणारी पट्टी) बाजारात झालेल्या सौद्यांशी जुळते का, आणि बाजार धावत असताना ती वेळेवर उमटते का.

यातले किती तपासावे, हे तुमच्या पद्धतीवर अवलंबून आहे. वर्षातून चार वेळा शेअर घेऊन तो पाच वर्षे ठेवणाऱ्याला सकाळी सव्वानऊच्या कँडलशी काही कर्तव्य नाही. त्याने फक्त बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिटच्या (एका शेअरचे अनेक शेअर होण्याच्या) नोंदी पाहाव्यात आणि पुढे जावे. तुम्ही आठ-पंधरा दिवसांचे आणि इंट्राडेचे असे दोन्ही व्यवहार करता, म्हणून तुम्हाला थोडे अधिक खोलात जावे लागेल.

त्यात एक अडचण प्रवेशाची, म्हणजे खाते नसताना चार्ट पाहण्याची. काही ब्रोकर खात्याशिवायही चार्ट पाहू देतात, बरेच जण देत नाहीत. अशा वेळी ओळखीच्या माणसाकडे ते खाते असेल तर त्याच्या शेजारी बसून पाहावे. त्याचा पासवर्ड मागू नये आणि त्याने देऊ केला तरी घेऊ नये. ओळखीचे कोणी नसेल, तर एकाच पॅनवर एकाहून अधिक डिमॅट खाती ठेवण्यास मुभा असल्यामुळे, खाते उघडणे आणि त्यात पैसे भरणे या दोन पायऱ्या वेगळ्या माना. खाते उघडा, आठवडाभर एक रुपयाही न भरता चार्ट पाहा आणि मग ठरवा. मात्र डिमॅटचा वार्षिक आकार किती आहे आणि पहिले वर्ष माफ असेल तर दुसऱ्या वर्षापासून किती लागेल, हे आधी वाचून घ्या.

आता प्रत्यक्ष तपासणी. माझी पद्धत अशी, की ज्यांचे उत्तर मला आधीच माहीत आहे असे प्रश्न चार्टला विचारायचे. पहिला प्रश्न रिलायन्सचा. २० जुलै २०२३ रोजी जिओ फायनान्शियल ही कंपनी रिलायन्समधून वेगळी झाली. आदल्या दिवशी, म्हणजे १९ जुलैला, राष्ट्रीय शेअर बाजारात रिलायन्स २,८४१.८५ रुपयांवर बंद झाला होता. २० तारखेला सकाळी ९ ते १० या विशेष सत्रात त्याचा भाव २,५८० रुपये ठरला आणि मधले २६१.८५ रुपये हे जिओ फायनान्शियलचे मूल्य धरले गेले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, म्हणजे त्याआधीचे सगळे भाव आजच्या हिशेबाने निम्मे व्हायला हवेत.

रिलायन्सचा दैनिक चार्ट उघडा, १९ जुलै २०२३ च्या कँडलवर बोट ठेवा आणि बंद भाव वाचा. तो २,८४१ च्या आसपास दिसला, तर या ब्रोकरने बोनसचेसुद्धा समायोजन (जुने भाव आजच्या हिशेबात बसवणे) केलेले नाही आणि विषय तिथेच संपला. १,४२० च्या आसपास दिसला, तर बोनसचे समायोजन झाले आहे, पण डिमर्जरचे (कंपनी वेगळी होण्याचे) झालेले नाही. १,२९० च्या आसपास दिसला, तर दोन्ही झाले आहेत. त्याहून किंचित कमी असेल, तर बहुधा लाभांशही वजा केला जात आहे आणि तशी खूण चार्टच्या सेटिंगमध्ये कुठेतरी सापडेल. एका कँडलवरून इतके कळते.

१,४२० आणि १,२९० यांतले बरोबर कोणते, यावर जाणकारांतही एकमत नाही. त्या दिवशी शेअरचा भाव खरोखर खाली आला होता, म्हणून ती फट तशीच दिसावी, असे काही जण म्हणतात. मला समायोजित चार्ट बरा वाटतो. समायोजन नसेल तर कुणीही विक्री केलेली नसताना चार्टवर नऊ टक्क्यांची घसरण दिसते, दोनशे दिवसांची सरासरी पुढचे कित्येक महिने वाकडी राहते आणि नवखा माणूस त्या फटीलाच अडथळ्याची पातळी समजून बसतो. तुम्ही कोणतीही बाजू घ्या, पण ब्रोकर कोणत्या बाजूचा आहे हे तुम्हाला माहीत असले पाहिजे. तो सगळ्या शेअरांना एकच नियम लावतो का, हेही पाहा. त्यासाठी आयटीसीचा जानेवारी २०२५ चा काळ उघडा, आयटीसी हॉटेल्स तेव्हा वेगळी झाली. रिलायन्सला एक न्याय आणि आयटीसीला दुसरा असे आढळले, तर या डेटाची देखभाल कोणीतरी हातानेच आणि आठवेल तशी करत आहे, असे समजा.

याच संदर्भात माझी एक फजिती सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेचा एकास एक बोनस लागू झाला आणि दोन हजारांच्या जवळपासचा भाव हजाराच्या जवळपास आला. मी तेव्हा वापरत असलेल्या चार्टने जुन्या कँडल रातोरात बरोबर निम्म्या केल्या, पण मी आखलेल्या रेषा जिथल्या तिथे, जुन्याच भावांवर राहिल्या. ‘या पातळीच्या खाली गेल्यास कळवा’ असे लावून ठेवलेले तीन अलर्ट सकाळी ९:१५ ला एकदम वाजले. मी लोकलमध्ये होतो, फोनवर लाल अक्षरे पाहून क्षणभर पोटात गोळा आला. तोटा काही झाला नाही. पण तेव्हापासून नव्या ब्रोकरकडे गेल्यावर बोनसच्या दिवशी आखलेल्या रेषा, अलर्ट आणि दीर्घ मुदतीच्या ऑर्डर यांचे काय होते, हे त्याच्या ग्राहक सेवेला मी लेखी विचारतो. उत्तर काय येते यापेक्षा प्रश्न समोरच्याला कळला की नाही, यावरून मला जास्त समजते.

दुसरा प्रश्न बंद भावाचा. यात भले भले गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रोख बाजारातील शेअरचा अधिकृत बंद भाव हा ३:३० वाजताच्या शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. शेवटच्या अर्ध्या तासातील, म्हणजे ३ ते ३:३० या वेळेतील सौद्यांची व्हॉल्यूमनुसार (किती शेअरांचा सौदा झाला त्यानुसार) भारित सरासरी काढून तो ठरत आला आहे. समजा, एखादा शेअर शेवटच्या दहा मिनिटांत उसळला आणि अखेरचा सौदा ४१२.३० रुपयांना झाला. अर्ध्या तासाची सरासरी मात्र ४१०.८५ रुपये येऊ शकते आणि भावकॉपीत तीच बंद भाव म्हणून छापली जाते. आता तुमचा नियम ‘४११ च्या वर बंद झाला तर उद्या खरेदी’ असा असेल, तर ३:३१ वाजता चार्ट पाहणाऱ्याला होकार मिळतो आणि भावकॉपी पाहणाऱ्याला नकार.

काही ब्रोकरांच्या दैनिक चार्टवर संध्याकाळपर्यंत शेवटच्या सौद्याचा भाव दिसतो आणि रात्री भावकॉपी भरल्यावर त्याच कँडलचा बंद भाव बदलतो. काहींकडे तो कधीच बदलत नाही. दोन्ही पद्धती चालवून घेता येतात, पण तुमचा चार्ट कोणत्या पद्धतीचा आहे हे माहीत नसेल, तर काल पाहिलेला ब्रेकआउट (भावाने महत्त्वाची पातळी ओलांडणे) आज सकाळी गायब कसा झाला, याचे उत्तर तुम्हाला सापडणार नाही. तपासणी सोपी आहे. चार-पाच शेअरांचा ३:३५ वाजता दिसणारा बंद भाव कागदावर लिहून ठेवा, रात्री राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून त्या दिवसाची भावकॉपी मोफत उतरवून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार्ट पुन्हा पाहा. त्याच वेळी चार्ट राष्ट्रीय शेअर बाजाराचा आहे की मुंबई शेअर बाजाराचा, हेही पाहून घ्या. शोधपेटीत कंपनीचे नाव टाकल्यावर दोन्ही पर्याय येतात आणि घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडते. मुंबई शेअर बाजारात बहुतेक शेअरांची उलाढाल कमी असल्यामुळे तिथल्या एक-पाच मिनिटांच्या कँडलच्या वाती (उच्चांक-नीचांकापर्यंत जाणाऱ्या बारीक रेषा) विनाकारण लांब दिसतात आणि व्हॉल्यूमवर आधारलेला कोणताही निष्कर्ष लंगडा पडतो.

हे झाले बंद बाजारातले. धावत्या बाजारासाठी एक सकाळ राखून ठेवावी लागेल, शक्यतो सोमवारची. ९:१० ला बसा. ९ ते ९:१५ हे पूर्वसत्र असते आणि त्यात ठरलेला भाव हा शेअरचा अधिकृत खुला भाव असतो. काही चार्ट तो भाव घेत नाहीत, ते ९:१५ नंतर आलेल्या पहिल्या भावापासून कँडल सुरू करतात. तुम्ही खुल्या भावावर किंवा पहिल्या पंधरा मिनिटांच्या पट्ट्यावर काही बेतत असाल, तर हा फरक थेट खिशाला लागतो.

त्यानंतर पाच मिनिटांचा चार्ट लावा. ९:२० ला पहिली कँडल पूर्ण झाली की लगेच पडद्याचा फोटो काढा, ज्यात खुला, उच्च, नीच आणि बंद असे चारही भाव दिसतील. मग चार्टचे पान पुन्हा लोड करा आणि तीच कँडल पाहा. अनेकदा उच्चांक किंवा नीचांक बदललेला आढळतो. कारण असे की धावता चार्ट ब्रोकरच्या सर्व्हरकडून ठरावीक अंतराने येणाऱ्या भावांवर तुमच्या ब्राउझरमध्येच तयार होतो. मधल्या क्षणांत झालेले सौदे त्यात नसतात. पान पुन्हा लोड केल्यावर सर्व्हरवर साठवलेली, तुलनेने पूर्ण असलेली कँडल येते. थोडाफार फरक सगळीकडेच सापडतो, त्यावरून कोणाला नापास करू नका. पण दहा शेअरांपैकी सहा-सात शेअरांत तो डोळ्यांत भरण्याइतका असेल, किंवा पान पुन्हा लोड केल्यावर कँडलच गायब असेल, तर तो ब्रोकर माझ्या यादीतून जातो. शेजारी मार्केट वॉच (निवडक शेअरांच्या हलत्या भावांची यादी) उघडे ठेवून तिथला भाव आणि चार्टवरचा भाव एकाच वेळी हलतात का, हेही याच अर्ध्या तासात कळते.

ज्या दिवशी बाजार खवळलेला असतो त्या दिवशीची चाचणी सर्वांत मोलाची, पण ती मागून मिळत नाही. त्याऐवजी जुना दिवस पाहावा. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी २१,२८१ पर्यंत कोसळून २१,८८४ वर बंद झाला होता. त्या दिवशीचा इंट्राडे चार्ट दोन्ही ब्रोकरांकडे उघडा आणि मधल्या कँडल गाळलेल्या आहेत का, पाहा. तांत्रिक बिघाडामुळे २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार ११:४० ला थांबला आणि ३:४५ ते ५ या वेळेत पुन्हा चालला. ब्रोकरकडे इतका जुना इंट्राडे डेटा असेल, तर संध्याकाळच्या त्या कँडल दिसायला हव्यात. आणि १ नोव्हेंबर २०२४ च्या मुहूर्ताच्या सौद्यांची, संध्याकाळी ६ ते ७ या सत्राची, दैनिक कँडल आहे का तेही पाहा. ती नसल्याने तुमचे नुकसान होणार नाही, पण डेटा सांभाळणारा माणूस दिवाळीत झोपला होता की जागा होता, ते कळते.

टाइमफ्रेमबद्दल, म्हणजे एका कँडलच्या कालावधीबद्दल, एकच गोष्ट. आपला बाजार ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटे चालतो, त्यामुळे एक तासाच्या कँडल लावल्या की शेवटी पंधरा मिनिटांचे शेपूट उरते. ७५ मिनिटांच्या मात्र बरोबर पाच कँडल बसतात आणि आपल्याकडचे बरेच जण म्हणून त्याच वापरतात. हव्या तितक्या मिनिटांची कँडल लावता येते का, आणि तासाची कँडल ९:१५ पासून मोजली जाते की ९ पासून, हे पाहून घ्या. परदेशात राहून इथल्या बाजारात व्यवहार करणाऱ्यांनी चार्टचे घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले आहे ना, तेही पाहावे. दुबईत बसलेल्या माझ्या एका मित्राने दीड तासाचा हा फरक लक्षात न घेता आठवडाभर अभ्यास केला होता.

इंडिकेटरची एक परीक्षा मात्र जरूर घ्या. दैनिक चार्टवर दोनशे दिवसांची एक्स्पोनेन्शियल सरासरी लावा आणि आजचा आकडा लिहून ठेवा. मग चार्ट मागे ओढत पाच-सहा वर्षे मागे न्या, पुन्हा आजच्या कँडलवर या आणि आकडा परत वाचा. तो बदलला असेल, तर सुरुवातीला चार्ट पुरेसा जुना डेटा न घेताच गणित करत होता. या सरासरीत प्रत्येक दिवसाचा आकडा आदल्या दिवसाच्या आकड्यावर उभा असतो, त्यामुळे सुरुवात कुठून केली याचा परिणाम आजपर्यंत पोचतो. भावाचा कल हिरव्या-लाल रंगात दाखवणाऱ्या सुपरट्रेंडसारख्या साधनात ठरलेले आकडे कुठे १० आणि ३ असतात, तर कुठे ७ आणि ३. दोन ब्रोकरांची तुलना करताना ते आधी सारखे करून घ्या, नाहीतर एकाकडे हिरवे आणि दुसऱ्याकडे लाल दिसले म्हणून उगाच डेटावर संशय घ्याल. निफ्टी निर्देशांकाच्या चार्टवर व्हीवॅप (व्हॉल्यूमनुसार भारित सरासरी भाव) लावून गोंधळू नका. निर्देशांकाचे स्वतःचे सौदे होत नाहीत, म्हणून तिथे व्हॉल्यूम दिसत असेल तर तो कोठून आणला आहे हे विचारा, किंवा सरळ निफ्टीच्या वायद्याचा (फ्युचर्सचा) चार्ट पाहा.

चार्टवरून ऑर्डर टाकण्याची सोय सगळेच मिरवतात. मला तिची थोडी भीती वाटते. ऑर्डरची रेषा बोटाने ओढली की भाव बदलतो, आणि काही अ‍ॅप बदल पक्का करण्याआधी एकदाही विचारत नाहीत. एकाच शेअरची खरेदीची ऑर्डर, बाजारभावापासून बराच खाली मर्यादा भाव लावून, टाका आणि ही रेषा ओढून पाहा. स्टॉपलॉस (तोटा ठरावीक पातळीला थांबवणारी ऑर्डर) लावताना ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा) आणि मर्यादा असे दोन्ही भाव मागितले जातात का, तेही पाहा. पुढे ऑप्शनकडे वळलात तर हे लागेलच, कारण राष्ट्रीय शेअर बाजाराने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनमध्ये बाजारभावाचा स्टॉपलॉस बंद केला आहे. अर्थात ही चाचणी पैसे भरल्याशिवाय होत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी ठेवा. अलर्ट ब्रोकरच्या सर्व्हरवरून येतो की अ‍ॅप उघडे असेल तरच वाजतो, हे मात्र आधीच कळू शकते. नोकरदारासाठी बाकी कशाहूनही ते महत्त्वाचे आहे.

तुमचे दोन्ही ब्रोकर नावाजलेले आहेत, तरी एक सावधगिरी. हल्ली खोट्या ट्रेडिंग अ‍ॅपवर अगदी देखणे चार्ट आणि हलते भाव दिसतात, फक्त तुमची ऑर्डर बाजारात कधी पोचत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीकडील ब्रोकरचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो, पण भामटे खऱ्या ब्रोकरचाच क्रमांक छापतात. म्हणून सेबीच्या संकेतस्थळावरील यादीतून ब्रोकरचा अधिकृत पत्ता घ्या आणि तिथूनच अ‍ॅपकडे जा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून नको. पैसे भरताना यूपीआयचा पत्ता सेबीच्या तपासणी सुविधेत टाकून पाहा.

दोघेही या सगळ्यातून सारखेच पार पडले, तर चार्टचा मुद्दा बाजूला ठेवा आणि ज्याची ग्राहक सेवा फोन उचलते त्याच्याकडे खाते उघडा. दोघांचेही चार्ट मनासारखे नसतील, तर ऑर्डर एकीकडे आणि चार्ट वेगळ्या वर्गणीचे, अशीही सोय करता येते. मी स्वतः गेली काही वर्षे तसेच करतो. ब्रोकरकडे मिळणाऱ्या ट्रेडिंगव्ह्यूच्या लायब्ररीत स्वतः लिहिलेल्या पाइन स्क्रिप्ट (ट्रेडिंगव्ह्यूच्या भाषेतले छोटे प्रोग्राम) चालत नाहीत, मूळ संकेतस्थळावर चालतात, हे त्यामागचे माझे कारण आहे. तुम्हाला स्क्रिप्ट लिहायच्या नसतील, तर हा खर्च करू नका.

राहिला मोबाईलचा प्रश्न. संगणकावर एक रेषा आखा, बाहेर पडा आणि तोच चार्ट मोबाईलवर उघडा. रेषा त्याच कँडलवर, त्याच भावाला दिसली, तर तुमच्या कामाला मोबाईल पुरेल, म्हणजे अभ्यास रात्री मोठ्या पडद्यावर आणि दिवसा फक्त अलर्ट व ऑर्डर मोबाईलवर. ती रेषा दिसलीच नाही, तर आखणी फक्त त्या ब्राउझरपुरती साठवली जात आहे, आणि ब्राउझर साफ केल्यावर सहा महिन्यांचा अभ्यास त्याच्याबरोबर जाईल. इंट्राडे मात्र केवळ मोबाईलवर करू नका. पाच मिनिटांच्या सत्तर-ऐंशी कँडल सहा इंचांत मावतात खऱ्या, पण शेवटच्या तीन कँडलची वात कुठे संपली ते वाचायला प्रत्येक वेळी चिमटीने चार्ट मोठा करावा लागतो, आणि तेवढ्यात नेमके ऑर्डरच्या रेषेला बोट लागते.